काळी पाचमधली हाक

प्राजू, तू ना आता फक्त ऐक. मध्ये बोलायचं नाही, मोबाईल उलटा ठेव, आणि तो वडा खा तोवर, गार होतोय. ऐक.

तर मी काचेच्या अलीकडे आणि इंदूताई काचेच्या पलीकडे. इरफानभाईंचा स्टुडिओ, आपल्या नगरमधलाच. म्हणजे कसला स्टुडिओ, गाळ्यावरची एक खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या, वर पत्रा, आणि पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो. आम्ही सगळे घामाने निथळतोय. पलीकडे साठी ओलांडलेली बाई, साधी सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, कानाला हेडफोन उलटा लावलेला, डावा उजवीकडे, डोळे मिटून उभी. गाणं शेवटाकडे आलंय. संबळ थांबतो. सगळंच थांबतं. आणि ती हाक मारते.

"आईऽऽऽ!"

हात बघ माझा, आत्तासुद्धा काटा आलाय. कशी गेली गं ती हाक वर! जिना नाही, पायरी नाही, सरळ वर. तिथे जाऊन थांबली, हलली पण नाही, आणि मग अशी सावकाश खाली आली. इरफानभाईंनी, त्या एवढ्या आडदांड माणसाने, शर्टाच्या बाहीला डोळे पुसले. गाण्याचे मालक नंदूशेठ उठून उभेच राहिले, खुर्ची मागे पडली, ती उचलायचं त्यांना सुचेना. आणि मी? मी नाचायलाच लागले होते. नाचता नाचता माझं लक्ष गेलं माझ्या कीबोर्डच्या कोपऱ्याकडे. तिथे एक छोटीशी हिरवी खिडकी आहे ना, आकडे दिसतात ती. त्यात दिसत होतं, वजा एक.

मी नाचायची थांबलेच.

वजा एक म्हणजे काय, तेच सांगते. बोलू नकोस म्हटलं ना! त्यासाठी मला आधी पियानोपासून सुरुवात करावी लागेल.

तुला हिवाळे टीचर माहीत नाहीत. चर्चच्या आवारात राहायच्या, एकट्या, दोन मांजरं आणि एक पियानो. आम्ही तोफखाना भागात, पप्पांचं साड्यांना फॉल-पिको करायचं दुकान, आणि टीचर तिथे साड्या घेऊन यायच्या. मी म्हणे शिलाई मशीनच्या आवाजावर काहीतरी गुणगुणत बसायचे काउंटरखाली. टीचर पप्पांना म्हणाल्या, "यन्नम, हिला पाठवत जा माझ्याकडे. नाहीतर ही मशीन होईल." पप्पांना वाटलं इंग्रजीची शिकवणी. पाठवलं.

तो पियानो इतका म्हातारा होता की त्याच्यावर हात टाकायच्या आधी टीचर त्याला विचारायच्या, "काय, बरं आहे ना?" एकदा पुण्याहून ट्यूनर आला. पेटी उघडून आत बघितलं आणि म्हणाला, "बाई, या तारा मूळ सुराला ओढल्या तर तुटतील. मी सगळ्या सारख्या अर्धा सूर खाली लावून देतो. आपसात बरोबर राहतील, कुणाला काय कळतंय." टीचर म्हणाल्या, "लावा. तो आणि मी दोघंही आता थोडे खालीच बरे." मी तिथेच मांजराला बिस्किट चारत होते. ऐकलं आणि विसरले.

आणि त्याच पियानोवर मी शिकले. टीचर मला भिंतीकडे तोंड करून उभं करायच्या आणि एकेक पट्टी वाजवायच्या.

"ही कुठली?"

"सी."

"ही?"

"जी शार्प."

"सांगितलंस का अंदाजाने?"

"नाही टीचर, दिसतं मला."

कधीच चुकले नाही. टीचर सगळ्या चर्चला सांगत सुटल्या की या पोरीचा कान देवाने स्वतः बसून केलाय. आता तूच विचार कर. त्या पियानोचं सगळंच अर्धा सूर खाली. म्हणजे माझा कानही तसाच तयार झाला, अर्धा सूर खाली! पण मला कोण सांगणार? टीचरना माहीत होतं पियानोचं, पण त्यांच्या डोक्यात कशाला येईल की पोरीचा कानसुद्धा त्याबरोबर उतरलाय.

मग दहावीला पप्पांनी कीबोर्ड घेऊन दिला. मी घरी आणून लावला, एक पट्टी दाबली आणि किंचाळले. सगळं चढलेलं! दुसऱ्या दिवशी पप्पांना घेऊन दुकानात. पप्पा म्हणतात, "अहो, पोरगी म्हणते तुमचा कीबोर्ड वर गेलाय."

दुकानदार म्हणाला, "वर म्हणजे?"

"मला काय माहीत वर म्हणजे. हिला माहीत. हिचा कान देवाने केलाय."

त्या माणसाने माझ्याकडे बघितलं, कीबोर्डकडे बघितलं आणि वाद नको म्हणून एक बटण दाबलं. ते बटण दाबलं की अख्खा कीबोर्ड अर्धा अर्धा सूर खाली किंवा वर सरकतो. एकदा दाबलं, वजा एक. मी सी वाजवला. अहाहा! टीचरचा पियानो! "झाला दुरुस्त," मी म्हणाले. पप्पा त्या दुकानदाराला म्हणाले, "बघा, तुमच्या पण लक्षात नव्हतं आलं."

तेव्हापासून माझ्याकडे जो कीबोर्ड आला, त्याचं पहिलं काम काय? वजा एक. सवयीने. चप्पल काढावी तसं. कॉलेजात लॅपटॉप आला, त्याला कीबोर्ड जोडला, आणि मी गाणी बनवायला लागले. नगरसेवकाच्या वाढदिवसाचं गाणं, साडीच्या दुकानाची जाहिरात, गॅदरिंगचे रिमिक्स. सगळं एकटीने, खोलीत बसून, ढोल कॉम्प्युटरचा, बासरी कॉम्प्युटरची. माझ्या बाजूला खरी पेटी घेऊन कोणी बसलंच नाही, मग कळणार कसं?

आता नंदूशेठ. नंदकुमार छाजेड. त्यांच्या वडिलांची कॅसेटची कंपनी होती, देवीची गाणी, आरत्या, सगळ्या जत्रांमध्ये त्यांचाच माल. त्यातलं एक गाणं तू पण ऐकलंयस, खात्रीने. नवरात्रात लाऊडस्पीकरवर लागायचं, शेवटी ती मोठी हाक येते, ते. लोक त्याला हाकेचं गाणंच म्हणायचे. मी लहान असताना आमच्या गल्लीतली सगळी पोरं ती हाक मारायचा प्रयत्न करायची आणि सगळ्यांचे घसे बसायचे. ती हाक इंदूताईंची. इंदूताई शेलार.

शेठना ते गाणं नव्याने करून यूट्यूबवर टाकायचं होतं. आणि मी स्वस्त होते, अजून कोणाला माहीत नव्हते. त्यांनी मला बोलावलं. माझं पहिलं खरं काम! ताई पण आल्या होत्या. मला बघितलं आणि शेठना म्हणाल्या,

"नंदू, म्युझिकवाला कुठाय?"

"ही काय ताई. दीप्ती."

"ही? अरे हिला घरी सोडायला कोणीतरी लागेल अंधार पडल्यावर."

"पियानो शिकलीय ताई ती."

"मग देवीला काय घालणार, गाऊन?"

मी हसले, तर त्या पण हसल्या. पण मग एकदम गंभीर. तुला माहितीय ना, पेटीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात, आणि गाणारा आधी सांगतो की मी अमुक पट्टीतून गाणार. इंदूताई म्हणाल्या, "काळी पाच."

काळी पाच म्हणजे उंच, प्राजू. बाईच्या गळ्यालाही उंच. शेठ चाचरत म्हणाले, "ताई, इतक्या वर्षांनी... थोडं खाली घेतलं तर..."

"नाही."

"पांढरी सहा घेऊ. लगेच खालचीच पट्टी आहे. अर्ध्या सुराचा तर फरक."

"नंदू, त्या हाकेची जागा काळी पाच. तुझ्या बापाने तिथे घेतलीय, मी तिथे मारलीय. तिथून जमली तर मी गाईन. नाही जमली तर ती टीव्हीवरची पोरगी आहे ना तुझ्या मनात, तिला दे. मीच सांगेन तिला दे म्हणून. पण खाली उतरून मी माझंच गाणं गाणार नाही."

शेठ एकदम लाल. कारण टीव्हीवरची पोरगी खरंच होती मनात, आणि ते ताईंना कुणीतरी सांगितलेलं होतं.

नंतर जिन्यात शेठ मला हळूच म्हणाले, "बेटा, मी घरी गेलो होतो ताईंच्या. आतून रियाजाचा आवाज येत होता. हाकेपर्यंत येतात आणि थांबतात. पुढे नाही जात."

मग मी काय केलं? जुनी कॅसेट लावली, ऐकली. मला वाटलं, जरा चढीच वाजतेय, पण कॅसेट प्लेअर जुना, पळत असेल. आणि मी मन लावून, जीव ओतून, अख्खं गाणं काळी पाचमध्ये बसवलं. माझ्या काळी पाचमध्ये. वजा एकवर. आता आलं लक्षात?

म्हणजे इंदूताईंच्या कानात जे वाजत होतं ते होतं पांढरी सहा. आणि ती हाक, जिने सगळ्यांना रडवलं, ती पांढरी सहातली. इतकी वर्षं सवयीने दाबलेलं ते वजा एक बघताना मला एकदम ट्यूनरचं बोलणं आठवलं, आणि ही गोष्ट त्या खोलीत फक्त मला कळली होती.

हां, आता परत तिथे ये. ताई काचेमागून बाहेर आल्या. अगं, चेहरा काय होता तो! वीस वर्षांनी लहान झाल्या होत्या. शेठ पायाच पडले. इरफानभाई खिडकीतून खालच्या टपरीवाल्याला ओरडले, "सात चहा! आणि भजी, कांद्याची!" आम्ही तर चौघंच होतो. ताई पंखा लावायला सांगून मध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नंदू, सांग तुझ्या त्या पोरीला. म्हणावं, अजून जागा रिकामी नाही झाली."

मी विचार करतेय, की कुणाला काय फरक पडतो? गाणं सुंदर झालंय. बाई खूश आहे. मी पण खूश व्हायला काय हरकत आहे?

आणि तेवढ्यात ताईंची नजर कोपऱ्यात गेली. तिथे इरफानभाईंची पेटी होती, भजनी मंडळं रेकॉर्डिंगला येतात ना, त्यांच्यासाठी ठेवलेली. ताई म्हणाल्या, "आण रे ती इकडे. आता मोकळ्या गळ्याने एकदा म्हणते."

"ताई, चहा!" मी ओरडले.

"कुठाय चहा? आला नाही अजून."

"येईल ना! बसा ना तुम्ही, दमलात."

"मी? आत्ता तर गळा तापलाय."

"ताई, त्या पेटीत झुरळं आहेत!"

इरफानभाई असे भडकले! "कुणी सांगितलं? माझ्या पेटीत झुरळं? परवाच मिरजेहून नीट करून आणलीय!" आणि माझं खोटं पाडायला त्यांनी स्वतः पेटी उचलून ताईंसमोर आणून ठेवली, वर फडक्याने पुसून दिली.

ताईंनी भाता उघडला. काळी पाच दाबली. डोळे मिटून हळूच सुरुवात केली, गळ्यात अजून ताजा होता ना तो सूर. पेटीचा सूर एकीकडे, ताईंचा एकीकडे. त्या थांबल्या. परत दाबली. परत म्हणाल्या. मग, बघ हं, त्यांचं बोट आपोआप सरकलं. शेजारच्या पांढऱ्या पट्टीवर. खाली. आणि सूर असा जाऊन बसला, कुलपात किल्ली बसावी तसा.

पंखा तेवढा कुरकुरतोय.

"इरफान, पेटी चढलीय का रे?"

"नाही ताई, सांगितलं ना, परवाच..."

"तू गप. पोरी, तू सांग. तुझा कान देवाने केलाय म्हणतो ना नंदू. पेटी चढलीय का?"

प्राजू, एक शब्द होता. "हो." बास. इरफानभाई थोडे चिडले असते, मी नंतर त्यांना समजावलं असतं. ताई भजी खाऊन घरी गेल्या असत्या. माझ्या जिभेवर आला होता गं तो शब्द, अगदी टोकावर.

मी म्हणाले, "नाही ताई. पेटी बरोबर आहे. मीच उतरलेली आहे."

"म्हणजे?"

मग मी सगळं सांगितलं. पियानो, ट्यूनर, मांजरं पण सांगितली, का ते माहीत नाही. ताई ऐकत होत्या, भात्यावर हात तसाच.

"म्हणजे पियानो उतरलेला."

"हो."

"म्हणून तुझा कान उतरलेला."

"हो."

"आणि हे तुझं यंत्र?"

"ते चांगलं होतं. मी उतरवलं."

इरफानभाईंना हसू फुटलं, त्यांनी खोकला काढला. ताई नाही हसल्या. शेठ मध्ये पडले, "अहो ताई, अर्ध्या सुराने काय आभाळ कोसळतंय? कुणाला कळतंय!"

"मला कळलं ना आता," ताई म्हणाल्या. मग उठल्या, पदर खोचला. "वर कर गं. खऱ्या काळी पाचवर घे."

मी घेतलं. काय, दोन बटणं. ताई आत गेल्या. गाणं छान सुरू झालं, अगदी छान. संबळ थांबला. हाक निघाली, वर गेली, वर गेली, आणि एका ठिकाणी नुसती थरथरत राहिली. अगदी जवळ गं! अजून एवढुसं. पण ते एवढुसं काही झालं नाही. परत घेतलं, परत तसंच. तिसऱ्यांदा संबळ थांबला आणि ताईंनी तोंडच उघडलं नाही. हेडफोन काढला, नीट खुंटीला लावला आणि बाहेर आल्या.

"नंदू, दे त्या पोरीला."

शेठ काहीतरी बोलायला गेले, तर त्यांनी हात केला. चपला घातल्या. मग माझ्यासमोर येऊन थांबल्या. रागाने नाही, खरंच रागाने नाही. आपण एखाद्याला पत्ता विचारतो ना, तितक्या साधेपणाने विचारलं.

"तू गप्प बसली असतीस, तर तुझं काय बिघडलं असतं गं?"

आणि जिना उतरून गेल्या. भजी वर येत होती, वाटेत त्यांनी त्या टपरीवाल्याला बाजूला होऊन जागा दिली, ते मी वरून बघितलं.

मग शेठ माझ्याकडे वळले. म्हणतात, "बेटा, ते पहिलं रेकॉर्डिंग आहे ना. त्यातली हाक कॉम्प्युटरवर अर्धा सूर वर ओढता येते ना?"

"येते."

"मग ओढ. काळी पाच होते की नाही? संपलं. ताईंना मी सांगतो, तुमचंच आहे, बघा, काळी पाचमध्ये आहे."

मी ओढलं. खोटं कशाला सांगू, बघायचं होतं मला. आणि जमलं गं, बरोबर काळी पाच. कुणालाही कळलं नसतं. पण मी ऐकलं आणि मला ते इंदूताईंच्या पुतणीचं वाटलं. आवाज तोच, पण बाई कोणीतरी वेगळीच. मी ते पुसून टाकलं. शेठना म्हणाले, "हे मी नाही देणार. आणि त्या टीव्हीवाल्या मुलीचं पण मी नाही करणार. दुसरा कोणी बघा."

"पहिलं काम आहे तुझं," शेठ म्हणाले.

"माहितीये."

"डोकं फिरलंय तुझं."

"ते पण माहितीये."

घरी गेले आणि उशीत तोंड खुपसून रडले, कारण डोकं थाऱ्यावर आल्यावर कळलं की मी काय सोडून आलेय. पप्पांना सांगितलं, तर ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला सांगून टाकलंस ना, की धागा दुसऱ्या रंगाचा लागलाय? मग बास. आता उसवायचं की तसंच न्यायचं, ते गिऱ्हाइकाला विचार." पप्पांना सगळं फॉल-पिकोतच दिसतं. पण मला पटलं. मी ताईंना विचारलंच नव्हतं! सगळे आपापलं ठरवून मोकळे, शेठ, मी, सगळे.

सकाळी गाडी काढली आणि गेले केडगावला त्यांच्या घरी. ताई ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या. बस म्हणाल्या नाहीत, पण अर्धी जुडी माझ्याकडे सरकवली. मी निवडायला लागले.

"त्या पोरीचं झालं का?" त्यांनी विचारलं.

"मी नाही म्हणाले शेठना."

"का?"

"तुमचं गाणं आहे."

"वेडी आहेस. काम गेलं का मग?"

"बहुतेक."

ताई पानं खुडत राहिल्या. मी खिशातून मोबाईल काढला, इयरफोन त्यांच्यापुढे धरले. "पहिलं रेकॉर्डिंग आहे. पांढरी सहातलं. एकदा ऐका आणि मग सांगा. नको म्हणालात तर तुमच्यासमोर पुसते."

त्यांनी मेथीचे हात पदराला पुसले आणि ऐकलं. सगळं ऐकलं. हाक आली तेव्हा त्यांच्या ओठांचा नुसता आकार झाला, आवाज नाही. मग इयरफोन काढून म्हणाल्या,

"चांगली गायलीय बाई."

"हो."

"कुठल्या पट्टीत, ते लिहिणार का खाली?"

"लिहिते की."

"लिहून कोण वाचतंय. बोलायचं. आमच्या कॅसेटच्या सुरुवातीला बोलायचे ना, तसं. मी बोलणार. नाही बोलू दिलं, तर पुसून टाक."

"शेठ वैतागतील."

"वैतागू दे. तो लहानपणापासून वैतागलेलाच आहे."

तिथेच, ओट्यावर, मोबाईलवर रेकॉर्ड केलं मी ते. मागे कोंबडी ओरडतेय, ती पण आहे त्यात. ताईंनी घसा साफ केला आणि म्हणाल्या, "नमस्कार मंडळी. मी इंदू शेलार. हे गाणं मी पूर्वी काळी पाचमध्ये गायले होते. आता पांढरी सहात गातेय. ऐका."

शेठ तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, मग त्यांनी तसंच टाकलं. आणि प्राजू, लोकांना काय कळलं असेल? खाली कमेंटमध्ये सगळे विचारतायत, पांढरी सहा म्हणजे काय हो? एकाने लिहिलं, बहुतेक बसचा नंबर असेल! पण गाणं गेलं, गावोगाव गेलं. मोहटादेवीच्या यात्रेत लागलं, कोंबडीसकट. त्यावरूनच मला पुण्याच्या स्टुडिओतून फोन आला, आणि पुढचं तुला माहितीये, आज मी जे करतेय ते तिथून. लोक मला विचारतात, म्युझिक प्रोड्यूसर म्हणजे नक्की काय करतेस गं? मला पहिलं आठवतं ते ताईंसमोर मोबाईल धरून मेथी निवडणं.

थांब, टाळ्या नको वाजवूस. अजून एक आहे.

इंदूताई त्यानंतर गायल्या नाहीत. एकदाही नाही. मी कितीदा बोलावलं, दुसरी गाणी दिली, म्हटलं पट्टी तुम्ही सांगा. चहा पाजतात, मेथी देतात बांधून, गळा पण चांगला आहे, ओट्यावर गुणगुणतात, मी ऐकलंय. पण म्हणतात, "गायले ना आता. झालं." त्या दिवशी काचेमागून बाहेर आल्या होत्या ना, तो चेहरा परत नाही बघितला मी. आणि मला सारखं वाटतं, की मी त्या पेटीपाशी "हो" म्हणाले असते, तर ही बाई आजही गात असती. पांढरी सहात, काळी पाच समजून, खुशाल. पुढच्या गाण्याला मी गुपचूप अजून थोडं खाली घेतलं असतं, त्याच्या पुढच्याला अजून थोडं.

आता बोल. मघापासून बोलायचंय ना तुला? पेटी समोर आहे, भजी येतायत, सगळे हसतायत, आणि ती तुझ्याकडेच बघून विचारतेय. तू काय केलं असतंस?